ऊलाँगची पुडी आणि थोडं सविस्तर

नौपाडा, ठाणे

प्रिय मंदार,

स. न. वि. वि.

सोबत अलिशानच्या ऊलाँगची पुडी पाठवतोय. हा चहा तैवानच्या डोंगरात, हजार मीटरच्याही वर पिकतो. पुडी फोडल्यावर वास बेताचाच येईल, पण घाई करू नकोस. झाकणाची वाटी उकळत्या पाण्याने विसळ, ती गरम असतानाच त्यात चहाच्या हिरव्या गोळ्या टाक, झाकून जरा हलव आणि मग झाकणाच्या आतली बाजू नाकाशी धर. मला तिथे अनंत भेटतो. वनिता म्हणते, सोनचाफा.

आणि गंमत अशी, की यात एकही फूल घातलेलं नसतं. जास्मिन चहाची पानं फुलांसोबत ठेवून वासाची करतात, इथे सगळं त्या पानाचंच. खुडलेली पानं उन्हात कोमेजू देतात, मग थांबून थांबून हलवत राहतात. कडा दुखावतात, तिथे हवा लागून पान तांबूस व्हायला लागतं आणि या सगळ्या ताणात पान स्वतःच सुगंधी द्रव्यं तयार करतं. त्यातलं लिनालूल जाईतही सापडतं. नेमक्या वेळी उष्णता देऊन हे थांबवायचं, हीच कारागिरी. ग्रीन टीत पान असं तांबूस होऊच देत नाहीत, आपल्या काळ्या चहात ते पूर्ण होऊ देतात, हा मधला. शेवटी कापडात आवळून गोळ्या वळतात.

आता करायचा कसा. 120 मिलीच्या वाटीला 6 ग्रॅम चहा, पाणी 95 अंशांच्या आसपास. पहिलं पाणी घालून लगेच ओतून टाक. दुसरं पाऊण मिनिट, पुढचं त्याहून कमी, कारण तोवर गोळ्या उलगडलेल्या असतात. नंतर दर वेळी थोडा थोडा वेळ वाढवत जा. पाच-सहा वेळा तरी तीच पानं चालतात. दूध, साखर, आलं काही नको. टपरीवरचं कटिंग मला जिवापाड आवडतं, पण ते वेगळं प्रकरण आहे. आमच्या आरओच्या पाण्यात हा चहा सपाट लागतो. त्यापेक्षा नळाचंच पाणी गाळून, उकळून घेतो.

माझ्या मते तिसरं पाणी सर्वांत उत्तम. रंग फिकट सोनेरी, जिभेवर लोण्याचा मऊपणा, आणि घोट गिळल्यावर घशाच्या मागून फुलांचा वास पुन्हा वर येतो. तेव्हा लगेच दुसरा घोट घेऊ नकोस, थांब. संपल्यावर एक पान बोटांनी उलगडून बघ. देठासकट अख्खं असतं, मधे हिरवं आणि काही ठिकाणी कडेला तांबूस रेघ. हातांनी केलेलं काम त्या रेघेत दिसतं.

पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव आणि मसाल्यांपासून लांब. फार जपून ठेवू नकोस, महिन्याभरात पिऊन टाक. संपत आली की कळव, पुढच्या वेळी चीनमधल्या आन्शीचा टिएगुआनयिन पाठवीन, तोही ऊलाँगच. काकूंना नमस्कार.

तुझा,
श्रीधर