चावी फिरवू नका असे सांगणाऱ्या मेस्त्रींना

आदरणीय मेस्त्री,
सादर नमस्कार.

गाडी ताब्यात घेताना मी आभार मानू लागले, तेव्हा तुम्ही हात पुसत दुसऱ्या गाडीखाली गेलात. त्यामुळे सांगायचे राहून गेलेले या पत्रातून सांगते आहे. ते सर्वांसमोर लिहिते, कारण पावसाळ्यात आपल्या भागात कोणी ना कोणी बंद पडलेल्या गाडीत माझ्यासारखेच बसलेले असते आणि त्या वेळी काय करू नये हे सांगणारे माणूस प्रत्येकाला भेटतेच असे नाही.

तो आषाढी अमावास्येचा आदला दिवस होता. आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी रत्नागिरीला नेऊन मी परतत होते. राजापूरच्या अलीकडे खाडीलगतच्या सखल रस्त्यावर पऱ्याचे, म्हणजे ओढ्याचे, पाणी आले होते आणि उधाणाच्या भरतीमुळे ते ओसरायला वाट नव्हती. पाणी दाराच्या खालच्या कडेपर्यंतच होते, म्हणून मी पहिल्या गियरमध्ये सावकाश निघाले. हा माझा निर्णय चुकीचा होता आणि तो माझाच होता. मध्यावर असताना समोरून ट्रक गेला, त्याची लाट बॉनेटवर चढली आणि इंजिन एक गचका देऊन थांबले.

माझा हात लगेच चावीकडे गेला. ज्या टपरीवाल्या दादांनी तुम्हाला फोन लावून तो माझ्या हाती दिला, त्यांचे ऋणही मी विसरणार नाही. तुमचे पहिले वाक्य मला जसेच्या तसे आठवते : "बाई, चावी फिरवू नका. एकदासुद्धा नाही." नंतर तुम्ही सांगितलेत की प्रथम आईंना उतरवून उंचावर न्या, गाडी न्यूट्रलला ठेवून ढकलून पाण्याबाहेर काढा आणि दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची काळी वायर सोडवा. मदतीला आलेली मुले धक्का मारून गाडी चालू करून द्यायला तयार होती. त्यांनाही तुम्ही फोनवरूनच अडवलेत, कारण गियरमध्ये धक्का मारला की चाके इंजिनला फिरवतात, म्हणजे चावी फिरवल्यासारखेच होते.

यामागचे कारण तुम्ही दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मला शांतपणे समजावून दिलेत. पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येताना हवा साधारण दहाव्या हिश्शाइतकी दाबली जाते, पण पाणी दबत नाही. हवेच्या नळीवाटे सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना इंजिन फिरवले, तर सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. वाकलेल्या रॉडचे इंजिन पूर्ण उतरवावे लागते. एअर फिल्टरचा खोका उघडल्यावर भिजून लगदा झालेला कागद आणि ओंजळभर पाणी मी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर मला तुमच्या त्या एका वाक्याची किंमत कळली.

विमा कंपनीचा माणूस येईपर्यंत इंजिनाला हात लावायला तुम्ही नकार दिलात, तेव्हा, खरे सांगते, मी मनातून रागावले होते. दारावरील पाण्याच्या रेघेचे, चिखलाचे आणि फिल्टरचे फोटो तुम्ही माझ्याकडून काढून घेतलेत. माझ्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले होते, परंतु इंजिनासाठीचे वेगळे संरक्षण मी घेतलेले नव्हते. असे संरक्षण नसताना पाणी शिरलेले इंजिन फिरवून मोडले, तर ते पुराचे नव्हे, नंतरच्या चुकीचे नुकसान ठरवून दावा नाकारला जाऊ शकतो, हे मला तुमच्याकडून कळले.

पाहणी झाल्यावर तुम्ही चारही प्लग काढलेत, पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहिलेत आणि नंतर सेल्फ मारलात, तेव्हा दोन भोकांतून पाण्याचे फवारे उडाले. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे झाले होते. ते काढून तुम्ही नवे भरलेत, इंजिन थोडा वेळ चालवून तेही ओतून टाकलेत आणि पुन्हा ताजे भरलेत. गियरबॉक्सचे ऑइल बदललेत, ब्रेकचे ड्रम उघडून आतला गाळ काढलात. एवढे काम कदाचित कोणत्याही चांगल्या गॅरेजमध्ये झाले असते.

मला विशेष लिहायचे आहे ते आतल्या कामाविषयी. वरचा गालिचा हाताला जवळजवळ कोरडा लागत होता आणि मी समाधानी होते. तुम्ही मात्र सीटचे बोल्ट काढलेत, एअरबॅगच्या पिवळ्या जोडणीला बॅटरी सुटलेली असल्याची खात्री केल्याशिवाय हात लावला नाहीत आणि गालिचा उचलून दाखवलात : खालचा नमदा पाण्याने टपटपत होता आणि पत्र्यावर पाणी साचलेले होते. तळाची रबरी बुचे काढून तुम्ही ते सोडून दिलेत. पाणी खाडीचे, मचूळ होते, म्हणून पत्रा आणि गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुतलात आणि उंबऱ्याखालून जाणाऱ्या वायरींची एकेक जोडणी उघडून, साफ करून, वाळवून परत बसवलीत. मिठाचा अंश राहिला तर पिनांवर हिरवा कीट चढतो आणि दोन महिन्यांनी गाडी भलत्याच ठिकाणी दगा देते, असे तुम्ही म्हणालात. अशा पावसात ऊन कुठून मिळणार? तो नमदा आमच्या माजघरात पंख्याखाली पाच दिवस वाळत होता आणि आई तो रोज उलटत होती.

हे सगळे कोठे शिकलात असे विचारल्यावर तुम्ही चिपळूणचे नाव घेतलेत. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी शहरात भरले, त्यानंतर चिखलाने भरलेल्या गाड्या उघडायला तुम्ही तेथे जाऊन राहिला होतात. घाईने चालू केल्यामुळे कायमची गेलेली इंजिने तुम्ही तेथे पाहिलीत, हे सांगताना तुमचा आवाज खाली आला होता. तेथील लोकांच्या नुकसानीतून तुम्ही जे शिकलात, त्याने माझी गाडी वाचली, ही जाणीव मला आहे.

हिशेबाच्या कागदावर तुम्ही प्रत्येक वस्तू वेगळी लिहिलीत आणि काढलेले सुटे भाग पिशवीत घालून परत दिलेत. वडिलांनी निवृत्तीनंतर घेतलेली ही गाडी आहे. ते आता नाहीत आणि आईच्या रत्नागिरीच्या फेऱ्या तिच्यावरच चालतात. तुमची फोनवरची सूचना मी कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवली आहे आणि आमच्या शाळेतील सहकाऱ्यांनाही तिच्या प्रती दिल्या आहेत.

तुम्ही सांगितलेले पाचशे किलोमीटर पूर्ण होत आले आहेत. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की ऑइल बदलायला गाडी घेऊन येते. मागच्या डाव्या चाकातून बारीक घरघर ऐकू येऊ लागली आहे. ज्या बेअरिंगकडे कान ठेवा म्हणाला होतात, तेच असावे.

आपली कृतज्ञ,
राजापूर तालुक्यातील एक प्राथमिक शिक्षिका