सॉन्सेंग्निम, गाम्साहाम्निदा!

आदरणीय सॉन्सेंग्निम (म्हणजे शिक्षक),

तुमच्याकडे कोरियनचे पहिले धडे गिरवलेल्या आम्हा मराठी विद्यार्थ्यांचं हे जाहीर आभारपत्र. ‘गाम्साहाम्निदा’ म्हणजे आभारी आहोत. तुम्ही सुरुवातीला फार वाक्यं दिली नाहीत. नमस्कार, आभार, माफी, ओळख, दुकान आणि जेवण, बस्स. पण त्यातलं प्रत्येक वाक्य कुणाला, कधी आणि ओठ-जीभ कशी ठेवून म्हणायचं, ते घोटून घेतलंत.

सगळ्यात आधी, उच्चार देवनागरीत लिहून ठेवायला तुम्ही मनाई केलीत त्याबद्दल आभार. (या पत्रात तसं करावं लागतंय, ते फक्त वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी.) राजा सेजोंगच्या काळात 1443 मध्ये तयार झालेली आणि 1446 मध्ये जाहीर झालेली हांगुल लिपी आज 24 मूळ अक्षरांची आहे, 14 व्यंजनं आणि 10 स्वर. ‘निउन’चा (न या अक्षराचा) आकार टाळूला टेकलेल्या जिभेच्या टोकाचा, ‘मिउम’चा (म या अक्षराचा) मिटलेल्या तोंडाचा. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य हे शाळेत पाठ केलेल्या आम्हाला ही मांडणी परकी वाटलीच नाही. आधी लिपी आली की देवनागरीत न मावणारे आवाज निदान डोळ्यांना तरी वेगळे दिसतात. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या ‘सुम्निदा’मधला ‘उ’ हा आपला उ नव्हेच. ओठ ‘ई’ म्हणताना असतात तसे ताणलेले ठेवून उ म्हणायचा. ओठांचा चंबू झाला की दुसराच स्वर होतो आणि शब्दही बदलतो.

व्यंजनांच्या तीन रांगांवर तुम्ही सर्वात जास्त वेळ दिलात. बुल म्हणजे आग, फुल म्हणजे गवत आणि प्पुल म्हणजे शिंग. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची. ‘फुल’ला ती जोरात हलली पाहिजे, ‘प्पुल’ला अजिबात नाही आणि ‘बुल’ला जराशी. प आणि फ वेगळे ठेवायची सवय मराठी जिभेला असतेच, त्यामुळे दोन रांगा लवकर जमतात. मात्र हा फ दोन्ही ओठ मिटून काढायचा. ओठावर दात टेकवून म्हटलेला ‘खॉफी’ (कॉफी) तिथे चुकीचा. अडचण तिसऱ्या, मऊ (‘बुल’च्या) रांगेची. ‘गाम्साहाम्निदा’मधला पहिला ग आपल्यासारखा घोषाने सुरू होत नाही. हलका क, थोडी हवा आणि आवाजाचा सूर खाली. तोच वर्ण दोन स्वरांच्या मध्ये आला की सरळ ग होतो. ‘ज’ जीवनातला घ्यायचा, जागेतला नाही.

लिहितात ‘हाप्निदा’ आणि म्हणतात ‘हाम्निदा’, असं का? यावर तुम्ही आमच्याच व्याकरणातलं उत्तर शोधून आणलंत: वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ. अनुनासिकाआधी आलेलं व्यंजन अनुनासिक होतं, तोच नियम इथे. ‘इम्निदा’ (आहे), ‘बान्गाप्सुम्निदा’ (भेटून आनंद झाला) हे सगळं त्या एका नियमानं सुटलं, पाठांतर वाचलं. ‘आन्न्यॉंगहासेयो’मध्ये (नमस्कारामध्ये) दोन न आहेत. घाईत एक गळतो, म्हणून आन्, न्यॉंग, हा, से, यो अशा पाच टाळ्या वाजवत म्हणायचं.

निरोपाची गोष्ट तर प्रत्येक नवशिक्यानं आधीच समजून घ्यावी. जाणाऱ्याला ‘आन्न्यॉंगही गासेयो’, आपल्या ‘सावकाश जा’सारखं. मागे थांबणाऱ्याला ‘आन्न्यॉंगही ग्येसेयो’. बोलताना ग्ये हा नुसता गे ऐकू येतो, म्हणजे फरक फक्त आ आणि ए एवढाच. दुकानातून बाहेर पडताना ग्येसेयो. रस्त्यात भेटून दोघं दोन दिशांना निघाले तर दोघांनीही गासेयो. आपण कुठे चाललोय ते बाजूला ठेवून समोरचा काय करणार आहे, तेवढंच पाहायचं.

मालिका पाहून आलेल्यांना तुम्ही नुसतं ‘आन्न्यॉंग’ (नमस्कार) आणि ‘गोमावॉ’ (आभार) लगेच विसरायला लावलंत, तेही बरं केलंत. ते जिवलग मित्रांशी किंवा लहानांशी बोलायचं. अनोळखी माणसाशी शेवटी ‘यो’ हवा, औपचारिक ठिकाणी ‘म्निदा’. माफी मागताना मोठ्यांना ‘ज्वेसोंगहाम्निदा’, बरोबरीच्यांना ‘मियान्हेयो’. ‘तुम्ही’साठी शब्दकोशातला ‘दांगशिन’ उचलून वापरू नये, त्यातून भांडणाचा सूर निघू शकतो. हाक मारायची ती हुद्द्यानं. आपण ‘पाटीलसाहेब’ म्हणतो तसं ‘गिम ग्वाजांग्निम’ (गिम हे आडनाव, ग्वाजांग हा हुद्दा). नुसत्या आडनावाला ‘श्शी’ (आपल्या ‘श्री’सारखा आदराचा प्रत्यय) जोडलं की उर्मट वाटतं, ‘श्शी’ पूर्ण नावानंतर येतो. आणि स्वतःच्या नावाला तो कधीच नाही. रांजणगावच्या कारखान्यात कोरियन वरिष्ठांसोबत काम करणाऱ्यांना हे रोज लागतं.

स्वतःचं नाव सांगताना व्यंजनानंतर ‘इएयो’, स्वरानंतर ‘येयो’. स्नेहा असेल तर ‘स्नेहायेयो’, रोहन असेल तर ‘रोहानिएयो’. ओंकारचं मात्र कोरियनमध्ये लिहिताना शेवटच्या र ला स्वर चिकटतो, म्हणून त्याला ‘येयो’. नाव मराठीत कसं संपतं ते सोडा, हांगुलमध्ये कसं संपतं ते पाहा, ही तुमची सूचना पुस्तकात सहसा मिळत नाही.

बाकीचं झटपट शिकवलंत. ‘इगॉ जुसेयो’, हे द्या. ‘ऑल्मायेयो?’, केवढ्याला? कप मोजताना हाना-दूल (एक-दोन) ची माळ (‘खॉफी दू जान जुसेयो’), पैसे मोजताना इल-ई-साम (एक-दोन-तीन) ही दुसरी. मोठे आकडे ‘मान’ म्हणजे 10,000 च्या गठ्ठ्यांनी, त्यामुळे आपला लाख म्हणजे ‘शिम्मान’, दहा मान. वस्तू किंवा पैसे देता-घेताना दोन्ही हात. जेवणाआधी ‘जाल मॉक्केस्सुम्निदा’ (छान जेवेन), जेवून झाल्यावर ‘जाल मॉगॉस्सुम्निदा’ (छान जेवलो). कुणी ‘शिक्सा हाश्यॉस्सॉयो?’ विचारलं तर ते आपलं ‘जेवलात का?’ आहे, पानात काय होतं ते सांगत बसायचं नाही. ‘ग्वेन्छानायो’ म्हणजे ठीक आहे, पण काही पुढे केलेलं असताना तेच ‘नको’ होतं.

आणि समोरचा भरभर बोलू लागला की ‘छॉन्छॉन्ही माल्हे जुसेयो’, सावकाश बोला. हे वाक्य तुम्ही पहिल्याच धड्यात दिलंत. त्याच्या जोरावर बाकीची वाक्यं बाहेर जाऊन वापरायचा धीर आला. त्यासाठी मनापासून गाम्साहाम्निदा.

मोठ्यांना पत्र लिहिताना स्वतःच्या नावापुढे ‘ओल्लिम’ लिहायचं, हेही तुम्हीच सांगितलंत.

तुमचे मराठी विद्यार्थी, ओल्लिम