बंद केलेल्या गोळीबद्दल, गजाननास

दारव्ह्याजवळच्या आपल्या गावाहून,
४ डिसेंबर

प्रिय गजानन,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत ओसरीवर बसलो होतो तेव्हा तू सहज बोलून गेलास, "ते कोलेस्टेरॉलची गोळी म्या दसऱ्यापासूनच बंद केली, पाय लय ठणकत होते." चार माणसं बसली होती म्हणून मी गप्प राहिलो. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. महिना होत आला तरी ते मनातून जात नाही, म्हणून आज वेचणीच्या बाया घरी गेल्यावर लिहायला बसलो आहे.

दादाबद्दलची एक गोष्ट मी अजून कोणाला सांगितली नाही. तेरवी झाल्यावर वहिनींनी त्याची लोखंडी पेटी उघडली. धोतरांच्या घडीखाली अटोर्वास्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीची, अकरा पाकिटं निघाली, एकही फोडलेलं नव्हतं. बाकीच्या गोळ्या तो न चुकता घ्यायचा. हीच तेवढी पेटीत जायची, कारण पानठेल्यावर कोणीतरी सांगितलं होतं की ती हाडं पोकळ करते. वहिनी एकेक पाकीट कंदिलापाशी धरून मला मागची तारीख वाचायला लावत होत्या. मी वाचत गेलो. गोळी घेतली असती तर दादा वाचला असता, असं मी म्हणत नाही. एका माणसाबद्दल तसं कोणालाच सांगता येत नाही. हजारोंबद्दल मात्र सांगता येतं, आणि तेच तुला कळावं असं मला फार वाटतं.

आमची मुलगी बी. फार्म. करते. तिच्याकडून मूळ अभ्यास मागवले आणि शब्दकोश घेऊन बसलो. १९९४ साली स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क अशा उत्तरेकडच्या देशांतला एक मोठा अभ्यास छापून आला. ४,४४४ माणसं, सगळ्यांना हृदयाचा आजार आधीच झालेला, तुझ्यासारखा. निम्म्यांना सिम्वास्टॅटिन हे त्याच जातीचं (या जातीला स्टॅटिन म्हणतात) औषध दिलं आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतं ते ना रोग्याला ठाऊक, ना डॉक्टरला. पाच वर्षांच्या वर हे चाललं. औषधाविना २५६ माणसं गेली, औषधावर १८२. मी हे आकडे दोनदा पाहिले. चौऱ्याहत्तर माणसांचा फरक आहे गड्या, आपल्या टोलीतली सगळी घरं मिळून तेवढी माणसं होतील.

आता तुझ्या पायांचं. तुझं दुखणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही, तू ठणक सोसतोस. पण २०२० साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगाचा निकाल छापून आला. त्रासामुळे स्टॅटिन सोडून दिलेली साठ माणसं घेतली आणि प्रत्येकाला वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या. चारांत स्टॅटिन, चारांत नुसती पोकळ, औषध नसलेली गोळी आणि चार रिकाम्या. त्रास किती झाला ते रोज मोबाइलवर नोंदवायचं. ज्या महिन्यात गोळीच नव्हती त्या महिन्यात माणसांना बरं वाटलं. स्टॅटिनच्या महिन्यात त्रास झाला, पण पोकळ गोळीच्या महिन्यातही जवळपास तेवढाच, म्हणजे नव्वद टक्के! गोळी घेतोय, आता दुखेल, या धास्तीनंच अंग दुखत होतं, आणि ते खरोखर दुखत होतं. हे कळल्यावर त्यांतल्या निम्म्यांनी औषध पुन्हा सुरू केलं. २०२२ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास माणसांचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही तेच दिसलं: औषधावर २७.१ टक्के लोकांना स्नायूंचा त्रास, औषधाविना २६.६ टक्के. पन्नाशी उलटल्यावर वावरात राबणाऱ्याचे पाय दुखतातच.

धोका अजिबात नाही असंही नाही. सेरिवास्टॅटिन नावाचं याच जातीचं औषध २००१ साली बाजारातून काढून घ्यावं लागलं, त्यानं स्नायू झिजून मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं दगावली होती. आजच्या गोळ्यांनी तसं क्वचितच होतं: दहा हजार माणसांनी पाच वर्षं घेतली तर पाचेक जणांना स्नायूंचा गंभीर आजार. मधुमेहाची भर मात्र खरी आहे, त्याच दहा हजारांत पन्नास ते शंभर जण. तुझी साखर काठावर आहे, म्हणून ती तपासत राहावी लागेल. पण आधीच हृदयविकार असलेल्या त्याच दहा हजारांतल्या सुमारे हजार जणांचा अटॅक, लकवा यांसारखा मोठा दणका टळतो. मी हे पारड्यात घालून पाहिलं आणि तुझ्यापुरता माझा निर्णय झाला.

माझं वेगळं आहे. माझंही कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, पण छाती ठीक आहे, साखर नाही. ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांच्यात फायदा कमी, म्हणून डॉक्टर म्हणाले सहा महिने तेल-मीठ कमी करून पाहू. त्यामुळे "भास्कर कुठं घेतो" असं म्हणून तू सोडू नकोस. तुझ्या हृदयाच्या नसेत स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळी) आहे, माझ्या नाही.

एक गोष्ट वाचून मला फार बरं वाटलं. या जातीचं पहिलं औषध शोधणारे जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो हे शेतकऱ्याच्या घरचे. त्यांनी सहा हजारांच्या वर बुरश्या तपासल्या आणि क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर बुरशीत त्यांना हे सापडलं. आपण आयुष्यभर बुरशीवर फवारे मारत आलो!

सोमवारी यवतमाळला तुझी तारीख आहे ना? डॉक्टरला सरळ सांग की गोळी बंद केली आहे, लपवू नकोस. पायांचं सांग, स्नायूंना इजा होते का ते दाखवणारी सीपीके ही रक्ताची तपासणी करायला लाव, गरज पडली तर ते गोळी बदलतील किंवा कमी करतील. आणि लघवी चहासारखी काळसर झाली तर तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठ. मी पहाटेच्या एसटीनं येतो, आत तुझ्यासोबत बसतो. तुरीच्या ओल्या शेंगा आणतो, वैनीला उकडायला सांग.

तुझा,
भास्कर