दरवेळी सर्व्हर डाऊन नसतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

फॉर्म भरायची शेवटची तारीख आली की नेट कॅफेसमोरच्या रांगेचा फोटो आपल्या पेपरात हमखास येतो आणि वर हेडिंग असतं, सर्व्हर डाऊन, विद्यार्थी हैराण. माझं पत्र त्या हेडिंगबद्दल आहे. मी सोलापुरात वेबसाईट बनवायचं काम करतो, टॉवेल-चादरवाले, युनिफॉर्मवाले, एखादं लॉज, एखादी शाळा अशी आपली गिऱ्हाइकं, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की कित्येकदा सर्व्हर, म्हणजे साईट जिथून येते तो तिकडचा कॉम्प्युटर, ठणठणीत असतो, घोळ असतो समोरच्या कॉम्प्युटरमधल्या ब्राऊझरचा, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स असा ज्यात साईट उघडते त्या प्रोग्रामचा, आणि त्याहून खरं सांगायचं तर साईट बनवणाऱ्याने ती त्या ब्राऊझरवर एकदाही उघडून बघितलेली नसते.

उदाहरण सांगतो. अशोक चौकाकडे एका ओळखीच्या कॅफेवाल्याचा फोन आला, अण्णा जरा येऊन बघा की, सकाळपासून सर्व्हर डाऊन दाखवालंय, पोरं बसलीत. कुठली साईट ते सांगत नाही, नाव घेऊन कुणाला बदनाम करायचं नाही. गेलो तर साईट झकास उघडत होती, लॉगिन होत होतं, ओटीपी येत होता. जिल्हा निवडला की तालुक्याची यादी यायला पाहिजे ती मात्र रिकामी. उत्तर सोलापूर नाही, बार्शी नाही, मोहोळ नाही, आपले अकराच्या अकरा तालुके गायब, आणि तालुका नाही निवडला तर पुढचं बटण दबत नाही. पोरं रिफ्रेश मारून मारून कंटाळली होती, एकाचे वडील तर म्हणाले की मुद्दाम करालेत हे लोक.

कॉम्प्युटर होता विंडोज ७ चा. आता इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. गुगलने विंडोज ७ साठी क्रोम देणं २०२३ च्या सुरुवातीला बंद केलं, शेवटचं व्हर्जन १०९, फेब्रुवारीत ११० आलं ते फक्त विंडोज १० आणि त्यापुढच्यांना. आणि जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे साईट हलती-बोलती करायच्या भाषेत, यादी क्रमाने लावायची टूसॉर्टेड नावाची एक नवी सोय आहे, ती क्रोममध्ये आली नेमकी ११० मध्ये. म्हणजे एका नंबरने हुकलं. ज्याने साईट लिहिली त्याने तालुके अकारविल्हे लावायला हीच सोय वापरलेली, त्याच्या ऑफिसातल्या नव्या क्रोमवर ती मस्त चालली असणार, इथे १०९ ला तो शब्दच माहीत नाही, तिथेच स्क्रिप्ट अडली आणि यादी रिकामी राहिली. एरर दिसतो कुठे तर एफ१२ दाबल्यावर कन्सोलमध्ये, म्हणजे डेव्हलपरसाठीच्या खिडकीत, लाल अक्षरात, तो काय कॅफेतली पोरं बघणारेत होय. गंमत म्हणजे त्याच खटाऱ्यावर फायरफॉक्सचं ११५ व्हर्जन टाकलं, ते विंडोज ७ वर चालतं आणि त्यात ही सोय आहे, लगेच अकरा तालुके हजर. कॅफेवाला माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी सर्व्हरवाल्याला फोन करून झापलंय.

हे दुरुस्त करायला साईटवाल्याला किती काम होतं म्हणाल, तर एक ओळ. जुन्या पद्धतीने यादीची कॉपी काढायची आणि सॉर्ट करायची, पंधरा वर्षांपूर्वीच्या ब्राऊझरवर पण चालतं. पण दुरुस्त करायला आधी कळायला तर पाहिजे, आणि कळायला तसा कॉम्प्युटर समोर पाहिजे, आणि पुण्या-मुंबईतल्या ऑफिसात विंडोज ७ कोण ठेवतंय. तिथे सगळ्यांकडे नवा लॅपटॉप, आणि क्रोम दर काही आठवड्यांनी नवं व्हर्जन सोडतंय, ते आपोआप अपडेट होतं. शिंप्याने स्वतःच्या मापाने अख्ख्या शाळेचे युनिफॉर्म शिवावेत तसा हा प्रकार.

पूर्वी हे कारण चालायचं, मान्य. वेगवेगळी मशिनं विकत घेऊन ठेवणं कुणाला परवडणार. आता मात्र चालत नाही, कारण क्लाऊडवर, म्हणजे नेटवरून दुसऱ्याच्या मशीनवर, हे सगळं भाड्याने मिळतं. ब्राऊझरस्टॅक, सॉस लॅब्स अशा कंपन्या आहेत. त्यातली ब्राऊझरस्टॅक तर आपल्या मुंबईत २०११ ला सुरू झाली, रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल या आयआयटी मुंबईच्या दोघांनी काढली, आणि आज जगभरातले डेव्हलपर ती वापरतात, म्हणजे शोध कुठे अमेरिकेत लागलाय आणि आपल्यापर्यंत पोचला नाही असंही म्हणता येत नाही. काम कसं चालतं तर तुम्ही आपल्या ब्राऊझरमध्ये त्यांची साईट उघडायची, यादीतून निवडायचं की मला विंडोज ७ वरचं क्रोम १०९ पाहिजे किंवा अँड्रॉइड ९ चा सॅमसंग फोन पाहिजे, मग कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये ते मशीन किंवा तो खराखुरा फोन चालू होतो आणि त्याची स्क्रीन तुमच्यासमोर येते, तुम्ही इथे क्लिक केलं की तिकडे क्लिक होतं. साईट अजून लाईव्ह झालेली नसली, आपल्याच लॅपटॉपवर असली, तरी एक टनेल, म्हणजे नेटवरून खाजगी जोडणी, टाकून ती तिकडच्या मशीनवर दाखवता येते. आणि दरवेळी हाताने बघायला नको असेल तर सेलेनियम नावाच्या, ब्राऊझर आपोआप चालवणाऱ्या टूलमध्ये स्क्रिप्ट लिहून ठेवायची, लॉगिन कर, जिल्हा निवड, तालुके अकरा आले का बघ, तीच स्क्रिप्ट एकाच वेळी दहा-वीस ब्राऊझरवर पळवता येते आणि चहा होईपर्यंत रिपोर्ट हातात. सेलेनियम २००४ पासून आहे आणि फुकट आहे, पैसे लागतात ते मशीन वापरायचे.

काही जण म्हणतात क्रोममध्येच मोबाईलचं बटण असतं की, तिथे बघितलं की झालं. नाही होत. ते बटण मुख्यतः स्क्रीनचा आकार बदलतं, आत इंजिन, म्हणजे पान वाचून दाखवणारा भाग, तुमचं तेच ताजं क्रोम असतं. पॉवरलूमवर किंवा विडी कारखान्यात काम करणाऱ्या बाईच्या हातात पाच-सहा वर्षांपूर्वीचा फोन असतो, अँड्रॉइड ८ किंवा ९ चा, तिथे क्रोम १३८ वर येऊन थांबलंय, १३९ पासून अँड्रॉइड १० लागतं. अँड्रॉइड ७ वाले तर ११९ वरच अडकलेत. आणि आयफोनची आणखी वेगळी तऱ्हा, आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाकलं तरी आत इंजिन सफारीचंच, म्हणजे ॲपलच्या ब्राऊझरचंच असतं. विंडोजसाठीची सफारी ॲपलने २०१२ लाच सोडून दिली, त्यामुळे ज्याच्याकडे मॅक नाही आयफोन नाही त्याला सफारीवर काय दिसतंय ते कळायला क्लाऊडशिवाय सोपा मार्ग नाही. प्लेराईट नावाचं मायक्रोसॉफ्टचं फुकट टूल आहे, त्यात सफारीसारखं वेबकिट, म्हणजे सफारीच्या जातीचं इंजिन, मिळतं आणि बऱ्याच चुका त्यात सापडतात पण, तरी ते हुबेहूब सफारी नाही.

माझ्या एका लॉजवाल्या गिऱ्हाइकाचंच बघा. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला बाहेरगावचे लोक येतात, बुकिंगची साईट दुसऱ्याच कुणीतरी बनवलेली, तक्रार अशी की काही लोकांना तारखेच्या जागी इनव्हॅलिड डेट दिसतंय. मालक म्हणे नेट प्रॉब्लेम असेल. मी क्लाऊडवर जुना आयफोन उघडला, दोन मिनिटात सापडलं, तारीख आणि वेळ यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा सोडून लिहिलेलं जुन्या सफारीला वाचता येत नाही, मध्ये टी अक्षर टाकलं की वाचतं. क्रोम समजून घेतं म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. किती गिऱ्हाइकं परत गेली असतील कुणास ठाऊक, परत गेलेला माणूस थोडीच फोन करून सांगतो.

आणि आपल्या मराठीचं तर वेगळंच. इंग्रजी अक्षरं बघून डिझाईन केलेलं असतं, ओळीची उंची तेवढीच ठेवलेली, मग कुठल्यातरी ब्राऊझरवर वरची वेलांटी आणि रफार कापले जातात, खालचा उकार गायब होतो. विंडोज ७ वर देवनागरी मंगल फॉन्टमध्ये दिसतं, विंडोज ८ पासून निर्मला आला, अँड्रॉइडवर नोटो, तिघांची मापं वेगळी. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं लिहिलं आणि फॉन्टमध्ये सोय असली तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदीचे, पण ते जाऊ दे, निदान अक्षर पूर्ण तरी दिसावं.

आता यावर नेहमीचं उत्तर येतं की मग कॅफेवाल्याने नवा कॉम्प्युटर घ्यावा की. बरोबर आहे, घ्यावाच. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच बंद केला, असल्या मशीनवर आधार नंबर आणि बँकेचे पासवर्ड टाकणं धोक्याचंच, मी त्याला तेच सांगितलं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा पण नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणजे पुढच्या काही वर्षात हाच खेळ त्या मशिनांवर होणार. कुठलीही साईट जन्मभर प्रत्येक जुन्या ब्राऊझरवर चालावी असं कोण म्हणतंय. पण चालत नसेल तर तसं मराठीत लिहा ना स्क्रीनवर, तुमचा ब्राऊझर जुना आहे, अमुक वापरा. रिकामी यादी दाखवून पोराला दिवसभर बसवून ठेवायचं हे कुठल्या सुरक्षेत बसतं? उलट काही सरकारी साईटवर अजून तळाला लिहिलेलं असतं की इंटरनेट एक्सप्लोररवर उत्तम दिसेल, तो एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला निवृत्त केला साहेब, निरोप समारंभसुद्धा होऊन गेला.

क्लाऊडने सगळं सुटतं असंही नाही. टेंडरच्या साईटवर डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागतो, तो तुमच्या मशीनला लावलेला, तिकडच्या मशीनला तो दिसत नाही, ते खऱ्या कॉम्प्युटरवरच बघावं लागतं. नेट स्लो असलं की स्क्रीन अडखळत येते आणि साईट स्लो आहे की टूल स्लो आहे तेच कळेना होतं. आणि टेस्ट करताना खऱ्या माणसाची माहिती टाकायची नाही, खोटं नाव खोटा नंबर, कारण मशीन शेवटी दुसऱ्याचं आहे. महिन्याचं भाडं एकट्या डेव्हलपरला जड जातं हे पण खरं, सुरुवातीला थोडी मिनिटं फुकट मिळतात ती बघता बघता संपतात. पण ज्या साईटवर अख्खा जिल्हा फॉर्म भरणार तिच्या बजेटमध्ये हे भाडं कुठल्या कोपऱ्यात बसेल ते दिसणार पण नाही.

आणि नियम नाही असं पण नाही. सरकारी वेबसाईटसाठी केंद्राच्या गाईडलाइन्स आहेत, जीआयजीडब्ल्यू म्हणतात, पहिल्या २००९ च्या आणि तिसरी आवृत्ती २०२३ ची. साईट वेगवेगळ्या ब्राऊझरवर तपासा, हिंदी आणि प्रादेशिक भाषेचे फॉन्ट नीट दिसतात का बघा, हे त्यात आधीपासून आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे, आपल्या इथल्या कार्यालयांनी, शाळा-कॉलेजांनी, आणि हो, चादरीच्या दुकानदारांनी पण साईटचं शेवटचं बिल देण्याआधी टेस्टचा रिपोर्ट मागावा. कुठले ब्राऊझर, कुठलं व्हर्जन, कुठला फोन, प्रत्येकाचा स्क्रीनशॉट. यादी इथल्या लोकांच्या हातात काय आहे ते बघून करावी, कंपनीच्या ऑफिसात काय आहे ते बघून नको. क्लाऊडवरचं टूल हे स्क्रीनशॉट आपोआप काढून देतं, त्यामुळे वेळ नव्हता हे कारण ऐकून घ्यायचं नाही.

आपल्या वाचकांसाठी एक, फॉर्म अडला की लगेच घरी जाऊ नका. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन टिंबं असतात, तिथे हेल्प, मग अबाऊट क्रोम, तिथे नंबर दिसेल. १०९ असेल तर फायरफॉक्सवर किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नव्या फोनवर तोच फॉर्म उघडून बघा. तिथे चालला तर सर्व्हर डाऊन नव्हता. तो नंबर आणि स्क्रीनचा फोटो साईटच्या हेल्पलाइनला पाठवा, नुसतं चालत नाही म्हणून कळवलं की तिकडून उत्तर येतं आमच्याकडे चालतंय. आणि आपल्या बातमीदारांनी पण हेडिंग द्यायच्या आधी कॅफेवाल्याला तेवढा नंबर विचारावा ही विनंती.

आपला,
एक वेब डेव्हलपर आणि जुना वाचक,
जुळे सोलापूर