त्सुकिजीला जायचं तर शुक्रवारी

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

आजीला टोकियोतल्या त्सुकिजीच्या मासळीबाजारात न्यायचं तर शुक्रवारच धर. तिचे मासळीचे वार बुध, शुक्र आणि रवी. तिथली बहुतेक दुकानं रविवारी आणि सरकारी सुट्टीला बंद, बरेच बुधवारही बंद. घाऊक बाजार ऑक्टोबर 2018 मध्ये तोयोसूला गेला, पण त्याच्या बाहेरचा, त्सुकिजीतच राहिलेला दुकानांचा बाजार अजून त्याच्याच सुट्ट्या पाळतो. उरला शुक्रवार. तोयोसूचा टूनाचा लिलाव बघायला तिला पहाटे उठवू नकोस. काचेआडून बघण्यात तिचं मन रमायचं नाही.

निशी-कसाईहून तोझाइ लाइनने कायाबाचो, तिथून हिबिया लाइनने दुसरं स्टेशन. आठच्या आत पोचा. दहानंतर गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते आणि दुपारी दोनपर्यंत दुकानं आवरतात. एक नंबरच्या दाराने वर आलात की समोरच होंगान-जी, बुद्धाचं देऊळ. आधी देऊळ, मग मासळी. तोंडाला मासळी लागली की आजी देवळाची पायरी चढायची नाही.

तिला बाहेरच थोडं थांबव आणि दर्शनी कमान दाखव. एकवीरेला जाताना कार्ल्याच्या लेण्यावर जी पिंपळपानासारखी कमान दिसते, तिच्याच घराण्यातली ही. जुनं देऊळ 1657 च्या आगीत गेलं, तेव्हा त्सुकुदा बेटावरच्या कोळी भाविकांनी समुद्रात भराव घालून इथे जागा केली. त्सुकिजी म्हणजे भरावाची जमीनच. 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत तेही जळलं. इतो चूता हे वास्तुविशारद भारत फिरून गेलेले होते, त्यांनी 1934 मध्ये हे आताचं बांधलं. आत जिन्यावर दगडी हत्ती, माकडं आहेत, ती मुलांना शोधू दे.

आत चपला काढायच्या नाहीत, बसायला खुर्च्या आहेत. समोर अमिदा बुद्ध. उदाची एकच चिमूट उजव्या हाताने निखाऱ्यावर सोडायची. आजी सवयीने ती कपाळाला लावायला जाईल, त्या पंथात तसं करत नाहीत, आधीच सांगून ठेव. मग नुसते हात जोडायचे. टाळ्या शिंतो देवळात. बाजाराच्या टोकाला नामियोके इनारी आहे, लाटा थोपवणारा देव, तिथे दोनदा वाकून दोन टाळ्या आणि पुन्हा एकदा वाकायचं. सुशी आणि कोळंबीच्या नावाने तिथे दगड उभे केलेत, आपण ज्यांना खातो त्यांचे आभार मानायला. ते आजीला नक्की दाखव, तिला ते लगेच कळेल. हेही खाण्याआधीच उरकून घ्या.

आता खाणं. चालता चालता खायचं नाही, घेतलं त्याच दुकानापुढे उभं राहून संपवायचं आणि काडी, कागद तिथेच परत द्यायचा. सुटे येन जवळ ठेव. आजी कच्चं खाणार नाही, आणि घोटाळा होतो तो इथेच: होताते, म्हणजे ती मोठी शिंपली, बर्नरने वरून करपवून देतात. वरून तांबूस, आत कच्ची. शिंपल्यातच जाळीवर भाजणारा बघ आणि ‘योकु याइते कुदासाइ’, म्हणजे नीट भाजून द्या, असं म्हण. मांस काचेसारखं असतं ते कडेकडून दुधासारखं पांढरं होत जातं. मधोमधही पांढरं झालं की लगेच उतरवायला सांग, आणखी राहिलं तर रबर होतं. गोड अंड्याची वडी मुलांना आवडेल, पण तिच्यात बहुधा सुक्या माशाचं पाणी असतं, म्हणून शाकाहारी पाहुण्यांना ती देऊ नकोस. काडीवरचं मांस बहुतेक ठिकाणी गाईचं असतं, आजीच्या हातात देण्याआधी विचार.

घरी न्यायला साबा घे, आपल्या बांगड्याचा भाऊबंद. बर्फाची पिशवी बरोबर हवीच. घरी पोचल्या पोचल्या पोट साफ कर, कारण त्यातले आनिसाकिस नावाचे किडे मासा मेल्यावर आतड्यातून मांसात शिरतात. मीठ किंवा व्हिनेगरने ते मरत नाहीत. आतपर्यंत शिजवणं, नाहीतर उणे 20 अंशांवर 24 तास गोठवणं, एवढेच उपाय.

तिखलं करायला तिरफळं नसली तरी अडत नाही. मसाल्याच्या दुकानात सान्शो मिळतं, ते तिरफळाच्याच कुळातलं. जिभेला तशाच मुंग्या येतात, वास मात्र लिंबाकडे झुकतो. पूड उकळत्या रश्शात टाकलीस तर वास उडून जाईल. गॅस बंद केल्यावर चार तुकड्यांना पाव चमचा घाल आणि झाकण ठेव. साबाला स्वतःचं तेल भरपूर असतं, फोडणीला हात आखडता घे.

तुझी,
आई