सुध्या, गुण्याचं सांगायचं राहिलंय

सांगली,
रविवार, दुपार

प्रिय सुध्या,

तब्येतीचं आधी उरकतो. माझी शुगर आहे तिथंच आहे, सुनंदाचा गुडघा तिच्याइतकाच हट्टी आहे, आणि मोतीबिंदू काढल्यापासून आईला माझे सगळे दोष स्पष्ट दिसायला लागलेत. झालं.

तीन आठवड्यांपूर्वी तुझा मेसेज आला, "वर्षश्राद्धाला पलूसला येताना गुण्या घेऊन ये, पोरगी मागतेय." सात महिन्यांनी तुझा मेसेज, आणि मी नुसता अंगठा पाठवला. तुला राग आला असणार. तुझा राग मला पाठ आहे. आधी चार दिवस गप्प बसणार, मग एकदम 1994 पासूनचं काढणार. काढ. पण हे वाचून झाल्यावर काढ, कारण या वेळी तुला नवीन माल मिळणार आहे.

तुझ्या वडिलांचा, नानांचा तो काटकोन तपासायचा गुण्या माझ्या हातून खराब झाला. गंजून नाही, गंज काढताना.

फोन करणार होतो, दोनदा नंबरही काढला. पण तू "जाऊ दे रे" म्हणाला असतास, मीही लगेच जाऊ दिलं असतं, आणि निम्मं सांगायचं राहिलं असतं. म्हणून कागद घेतला.

सुरुवात पुरापासून करावी लागेल. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा शेडमध्ये छातीभर पाणी होतं हे तुला माहीत आहे. तू फोटो मागत होतास आणि मी तुला शिव्या घातल्या होत्या. मोटर काढली, वेल्डिंग सेट काढला, ड्रिल माळ्यावर चढवलं. हत्यारांची पेटी राहिली. पाणी उतरल्यावर ती उघडली, गाळ धुतला, सगळ्याला ऑइल मारलं. गुण्या मात्र नानांच्याच त्या फडक्यात गुंडाळलेला होता, म्हटलं हा सुरक्षित आहे. सोडलाच नाही. त्या फडक्यात गाळ होता आणि फडक्यानं महिनोन्‌महिने ओल धरून ठेवली. नानांनी मला दोनदा विचारलं होतं, गुण्या बरा आहे ना. "आहे की," म्हटलं. फडकं न सोडता म्हटलं. हे तुला आज पहिल्यांदा कळतंय, आणि खरं सांगायचं तर पत्र यासाठीच लिहितोय, बाकीचं पुढं आहे.

तुझा मेसेज आला त्या दिवशी फडकं सोडलं. कापड गंजाला चिकटून आलं. पात्यावर पापुद्रे, पातं बसवलेल्या ठोकळ्यावर बारीक फोड. पण नानांनी पंचानं ठोकलेलं "एन एस 68" बोटाला लागत होतं. दिसत नव्हतं, लागत होतं.

आता तू म्हणशील, पॉलिश पेपर मारायचा. पेपर नाही मारायचा, सुध्या. पेपर गंजाबरोबर कडाही खातो, आणि गुण्यात कडा सोडून दुसरं असतंच काय. अॅसिडही चांगलं लोखंड सोडत नाही. म्हणून करंटनं काढायचं ठरवलं. पद्धत अगदी पोरखेळ आहे. प्लास्टिकची बादली, पाणी, लिटरमागं चमचाभर धुण्याचा सोडा. खायचा नव्हे, धुण्याचा. गंजलेली वस्तू निगेटिव्हला टांगायची, भोवतीनं साध्या लोखंडाच्या सळ्या पॉझिटिव्हला. 12 व्होल्ट द्यायचे. वस्तूवरून बुडबुडे सुटतात, गंज सैल होऊन काळा पडतो आणि तारेच्या ब्रशनं चिखलासारखा निघतो. खालचं लोखंड जिथल्या तिथं. दोन तासांऐवजी दहा तास ठेवलं तरी करंट चांगल्या लोखंडाला हात लावत नाही. हे वाक्य लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

चार्जरची वेगळीच गंमत. तू दिलेला तो बॅटरी चार्जर इतका शहाणा आहे की समोर खरी बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाही. बादली दाखवली तर नुसता लाल दिवा. (तुझ्यासारखाच. पुरावा दिल्याशिवाय हलायचं नाही.) मग भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, काढला. हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो, पिवळ्यात 12 व्होल्ट मिळतात. मध्ये मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब घातला, म्हणजे करंट चार-साडेचार अँपियरच्या वर जात नाही आणि चिमटे एकमेकांना लागले तर नुसता बल्ब पेटतो.

शेजारचे काका रोज येऊन सल्ला देत होते. मीठ टाका, करंट जोरात जाईल. त्यांना सांगितलं, मीठ टाकलं तर क्लोरीन सुटेल, तुम्हीच पहिले खोकाल. मग म्हणाले सळ्या कशाला, स्टीलची पट्टी लावा, ती गंजत नाही. तीच तर भानगड आहे, स्टेनलेसमधलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते पाणी विषारी होतं. एवढं सगळं मला येत होतं, सुध्या. एवढं सगळं येणारा माणूस होतो मी.

पहिल्यांदा बादलीत सुनंदाच्या आजीचा बिडाचा तवा टाकला. गुण्याच्या आधी सराव, आणि झाला बिघाड तर घरातच राहील हा हिशोब. चार तासांत तवा असा निघाला की सुनंदानं मला पहिल्यांदा "अहो, छान झालंय" असं लग्नानंतर… जाऊ दे. गरम पाण्यानं धुऊन गॅसवर कोरडा करेपर्यंत कडेला नारिंगी झाक धरायला लागली होती. उघडं लोखंड किती घाई करतं बघ. लगेच तेल लावून तापवला. त्यावरची घावनं मी तीन दिवस खाल्ली. मग पाइप पाना, मग करवतीची फ्रेम, मग वाइसचे जबडे. सगळं व्हरांड्यात, उघड्यावर. हायड्रोजन सुटतो ना, आणि परीक्षानळीला काडी लावल्यावर तुझ्या भुवया कुठं गेल्या होत्या ते माझ्या अजून लक्षात आहे. सर म्हणाले होते, "पॉप असा आवाज येतो." आवाज तुझा आला होता.

चार वस्तू नीट निघाल्यावर माणूस माजतो. मी माजलो.

वायरी वाढवताना लाल संपली होती. दोन्ही काळ्याच लावल्या, आणि एकीला लाल टेप गुंडाळली. सोड्याच्या पाण्यात हात बुडवबुडवून ती टेप कधी निघून गेली ते बघितलं नाही. गुरुवारी रात्री नऊला गुण्या टांगला. बरोबर टांगला. तासाभरात काळा चिखल सुटायला लागला, मी टॉर्च लावून बघत बसलो होतो. साडेअकराला लाइट गेली. चिमटे काढून ठेवले. एकच्या सुमाराला लाइट आली, पंख्याच्या आवाजानं जाग आली, तसाच झोपेत बाहेर गेलो, चिमटे लावले, बटण दाबलं, बल्ब मंद पेटला, झोपलो.

उलटे लावले.

सकाळी सातला बघितलं तर पाण्यावर गेरूसारखा साका. सळ्या ओढून काढल्या, तर बांधकामाच्या उरलेल्या त्या गंजक्या सळ्या इतक्या स्वच्छ निघाल्या होत्या की मला एक क्षण आनंद झाला. खरंच झाला. मग लक्षात आलं की ज्या स्वच्छ निघतात त्या निगेटिव्हला असतात.

निगेटिव्हकडं बुडबुडे दुप्पट असतात, पॉझिटिव्हकडं निम्मे. रात्री टॉर्च मारून फसफस कुठं जास्त आहे एवढं बघितलं असतं तरी चुकलं नसतं. एक अँपियर एक तास वाहिला तर साधारण एक ग्रॅम लोखंड विरघळवू शकतो. चार अँपियर, सहा तास. सगळा करंट लोखंड खाण्यात जात नाही, बराचसा बुडबुड्यांत जातो, हे मी स्वतःला शंभर वेळा सांगितलं. पण पाणी बोअरचं होतं, मचूळ, त्यात क्षार. काकांना मिठाचं ज्ञान दिलं आणि मिठाचं पाणी मीच नळाखाली भरलं. त्यामुळं सरसकट पातळ न होता जागोजागी खड्डे पडलेत. सळ्यांच्या समोर आलेली कड जास्त गेली, पाठची कमी. "एन एस 68" मधला फक्त 8 वाचता येतो. तोही मला माहीत आहे म्हणून.

नाना करायचे ती परीक्षा केली. प्लायवूडच्या सरळ कडेला ठोकळा टेकवला, टोकदार पेन्सिलनं रेघ मारली, गुण्या उलटा केला, त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ मारली. आठवतं, तुमच्या ओसरीवर आपण दोघं ते करायचो आणि दुसरी रेघ पहिलीत बुडून जायची? नाना लांबून विचारायचे, "किती रेघा दिसतात?" आणि तू मुद्दाम दोन म्हणायचास. आता सहा इंचांवर दोन रेघांत पाऊण मिलिमीटरचं अंतर आहे. उलटवल्यानं चूक दुप्पट दिसते, म्हणजे खरी त्याच्या निम्मी. माझ्या गेट-ग्रिलच्या कामाला एवढ्यानं काही बिघडत नाही. पण नानांच्या गुण्याच्या दोन रेघा खऱ्याखुऱ्या दिसतायत म्हटल्यावर मी प्लायवूड भिंतीकडं तोंड करून ठेवलं.

दोन दिवस एकच विचार. पंचांचा संच माझ्याकडं आहे. खड्डे घासून, तिथंच पुन्हा "एन एस 68" ठोकता येईल. तुझ्या पोरीला काही कळणार नाही. तुलाही कदाचित कळलं नसतं, तू कॉम्प्युटरवाला. काल एक पट्टी घेऊन त्यावर ठोकूनही बघितलं, अक्षरं बरोबर आली. नानांच्या एनचा एक पाय थोडा खाली गेलेला होता ना, तसा मुद्दाम पाडायला गेलो, आणि तिथं हात थांबला. त्यांचा चुकून गेला होता. मी हिशोबानं पाडत होतो.

आणि 1994. तू शेडच्या पूजेला आला नव्हतास, पेढे मी स्टँडवर आणून दिले, आणि तू एसटीच्या पायरीवरून म्हणालास, "बापानं पोरगा बदलून घेतला." मी तेव्हा हसलो होतो आणि नंतर वर्षभर तुला भेटलो नव्हतो. खरं काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही. नानांनी गुण्या दिला तेव्हा म्हणाले होते, "सुध्याला लागेल तेव्हा देऊन टाक." दिला नव्हता, ठेवायला दिला होता. मला ते सांगायला नको वाटलं, कारण दिलाय असं लोकांना वाटलेलं मला आवडत होतं. घे. एका पत्रात दोन कबुल्या, वर पुराची एक.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींच्या शाळेचं? पोरगी लाकूडकाम शिकतेय हे तुझ्या स्टेटसवरून कळलं, तू सांगितलं नाहीस, आपण दोघंही कमी नाही. तिनं केलेलं स्टूल बघितलं. एक पाय आखूड आहे असं फोटोत वाटतंय, तिला म्हणू नकोस. पिंपरीचं घर विकायचं म्हणत होतास, ते घाई करू नकोस. बाकी भेटल्यावर.

गुण्याला सध्या हात लावत नाही. उकळत्या पाण्यात धुऊन, उन्हात कोरडा करून, मशीन ऑइल लावून वर्तमानपत्रात ठेवलाय. फडक्यात नाही. दुरुस्त होतो. आतली कड अजून बरी आहे, तिच्यावरून बाहेरची कानशीनं आणता येईल. दुसरा खात्रीचा गुण्या शेजारी धरायचा, उजेडाकडं तोंड करून फट बघायची, उंचवटा दिसेल तिथं दोन हात मारायचे, परत बघायचं. दोन-तीन दिवसांचं काम आहे. पातं पाऊण-एक मिलिमीटर अरुंद होईल. खड्डे सगळे जाणार नाहीत, घालवूही नयेत असं मला वाटतं, पण ते तू आणि पोरगी ठरवा. मी एकट्यानं आता त्याच्यावर काही करणार नाही.

तर पलूसला एक दिवस आधी ये, पोरीला घेऊन ये. माळ्यावर नानांची ट्रंक आहे, तिच्यात तळाशी बारीक दातांची सपाट कानस असेल, तेलकट कागदात. ती काढून ठेव. मी वाइस गाडीत टाकून आणतो. काकूंना आत्ताच काही बोलू नकोस, त्यांना मी सांगेन.

तुझा,
दिल्या

ता. क. येताना दोन मीटर लाल वायर आण. इथं कुठं मिळत नाही असं नाही, पण तू आण.