रीडमीत 'लवकरच' लिहून ठेवू नकोस

पुणे

प्रिय समीर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या रेपोची, म्हणजे कोड ठेवलेल्या जागेची, लिंक मिळाली. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणायचं काम तू हाती घेतलंस याचा मला मनापासून आनंद झाला. कितीतरी छापखान्यांचा आणि साप्ताहिकांचा वर्षानुवर्षांचा मजकूर त्या फायलींत अडकून पडलाय. कोड वाचला, आवडला. रीडमीत, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलीत, मात्र नाव आणि 'लवकरच' एवढंच आहे, म्हणून हे पत्र.

तू म्हणशील, कोड स्वच्छ आहे, वाचणाऱ्याला कळेल. काय चाललंय ते कळेल रे, पण का चाललंय ते कळणार नाही. वेलांटीचंच बघ. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते, आणि 'स्थिती'सारख्या शब्दात तिला अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. तू ते अगदी बरोबर हाताळलंयस. पण मराठी न येणारा एखादा चांगला प्रोग्रामर ती उलथापालथ बघून चूक समजेल आणि 'दुरुस्त' करून पाठवेल. 'दर्या' आणि 'दऱ्या' वेगळे ठेवणाऱ्या ओळी तर त्याला निव्वळ फापटपसारा वाटतील. ही कारणं आज फक्त तुझ्या डोक्यात आहेत.

काय काय चालत नाही, हेही स्पष्ट लिही. एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात. तू कुठल्या आवृत्तीवर तपासलंस हे लिहिलं नाहीस, तर कुणीतरी शेकडो पानं बदलून घेईल आणि घोळ छापून आल्यावर कळेल. सुरुवातीलाच एक ओळ आधीची, एक ओळ नंतरची, असा नमुना दे; माणूस तेवढ्यावर ठरवतो पुढे वाचायचं की नाही. लायसन्सची फाइलही टाक, नाहीतर इतरांना कोड वापरायचा हक्कच मिळत नाही.

कोड ठेवण्याचं संकेतस्थळ असलेल्या गिटहबच्या २०१७च्या सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुरं किंवा जुनाट डॉक्युमेंटेशन (सोबतची लेखी माहिती) ही अडचण सांगितली होती, आणि ६० टक्के जण म्हणाले की ते स्वतः त्यात क्वचित भर घालतात किंवा घालतच नाहीत. गिटहबच्या संस्थापकांपैकी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०१० मध्येच सुचवलं होतं की रीडमी आधी लिहा, कोड नंतर. तुझा कोड झालाय, पण पुढच्या फॉन्टसाठी हे करून बघ. आणि कोड बदललास की त्याच कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या त्याच नोंदीत, रीडमीही बदल. 'नंतर करू' म्हटलेलं राहूनच जातं.

माझा सगळ्यात मोठा आग्रह मात्र दुसऱ्या, मराठी रीडमीचा आहे. तुझं साधन वापरणार कोण? छापखान्यातला डीटीपी ऑपरेटर. त्याला गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) येत नाही, यायची गरजही नाही. मजकूर कुठे चिकटवायचा, निकाल कुठे मिळेल, र्‍हस्व-दीर्घ कुठे तपासून घ्यायचं, हे त्याच्या भाषेत लिही आणि इंग्रजी रीडमीच्या पहिल्याच ओळीत त्याची लिंक दे.

मसुदा झाला की पाठव. मी कोऱ्या मशीनवर तुझ्या ओळी जशाच्या तशा चालवून बघतो आणि जिथे अडेन तिथे इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, उघडतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
नितीन